भाकरी महागली ती कशाने?

येडशी, ढोकी, कसबे तडवळे या पट्ट्यात एके काळी ज्वारीची भाकरी रोजची आणि गव्हाची पोळी सणासुदीची. आता उलटं झालंय. 2024च्या रब्बीत पेरलेल्या गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये, तर त्या वर्षी मालदांडी ज्वारीचा 3,421. ‘माणसं वाढली, धान्य महागणारच’ हे उत्तर पारावर तयारच असतं. माणसं वाढली हे खरं. महाराष्ट्र 1971 साली पाच कोटींचा होता, 2011 साली सव्वाअकरा कोटींचा. पण धान्याचे खरे वांधे झाले ते माणसं कमी असताना, 1972च्या दुष्काळात.

तेव्हा हा सगळा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा पार होरपळला. बायामाणसं खडी फोडायला, पाझर तलावाची माती उपसायला गेली. खायला सुकडी आणि अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी. त्याच साली रशियाने अमेरिकेचा गहू भरमसाट उचलला आणि जगभर भाव भडकले. तरीही मोठी प्राणहानी टळली. 1973च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या आसपास मजूर दुष्काळी कामांवर होते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं: धान्य तुटपुंजं होतं, पण मजुरीमुळे ते विकत घ्यायला हातात पैसा होता.

मग आज पाऊसपाणी बरं असताना ज्वारी का महाग? रानात पेराच घटला. रब्बी ज्वारी म्हणजे ऐन उन्हात एकेक ताट हाताने उपटा, पेंढ्या बांधा, कणसं खुडा, मग मळणी. त्यात अंगाची खाज वेगळीच. एवढं करायला मजूर मिळत नाही. सोयाबीन शंभरेक दिवसांत हातात येतं, मळणीयंत्रात जातं आणि रोकडा देतं. बैल गेले, तशी दावणीच्या कडब्याची निकडही सरली. इकडे पुण्या-मुंबईचे मधुमेही भाकरीकडे वळले. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. हिशेब त्यालाही कळतो.

मग रेशन आहे ना? रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं. पण राज्याचा कोटा सात कोटी माणसांचा, तोही 2011च्या जनगणनेवर बेतलेला. नंतर आलेल्या सुनेचं, नातवाचं नाव चढवायचं तर कोट्यात जागा हवी. आणि पिशवीत येतो बहुधा गहू-तांदूळ. ज्वारी दुकानातूनच आणायची, ज्याच्या रानात ती पिकायची त्यानेसुद्धा.