पानं वाढली आहेत!

आपल्याकडे लग्नाचं आमंत्रण एकदा देऊन भागत नसे. आधी पत्रिका जायची. मग घरचं कुणीतरी जाऊन तोंडी सांगून यायचं. आणि ऐन जेवणाच्या वेळी एखादा पोरगा धावत दाराशी यायचा, ‘पानं वाढली आहेत, चला!’ शहरांत हॉल आले, बुफे आले, पत्रिका फोनवर येऊ लागल्या, आणि हे तिसरं बोलावणं बहुतेक ठिकाणी बंद पडलं. पण ज्यांनी ते अनुभवलं आहे त्यांना त्याचा अर्थ पक्का ठाऊक आहे. ‘येतो’ म्हणून तुम्ही आधीच सांगितलेलं असतं. तुमच्या शब्दावर विसंबून यजमानानं तुमच्या नावाचं पान मांडलेलं असतं. आता तुम्ही आला नाहीत, तर ते रिकामं पान सगळ्या पंगतीला दिसतं.

येशूच्या काळी पॅलेस्टाइनमध्येही अशीच पद्धत होती. मोठ्या जेवणाचं आमंत्रण आधी जाई, पाहुणे होकार देत, आणि सगळं तयार झालं की यजमानाचा नोकर पुन्हा घरोघर बोलवायला जाई. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायातला मेजवानीचा दाखला हे ध्यानात घेऊन वाचला म्हणजे त्याची धार कळते. नोकर बोलवायला जातो, तेव्हा समोरची माणसं आधी होकार दिलेली आहेत. नकार येतो तो पानं वाढल्यावर.

हा दाखला येशूनं सांगितला तोही एका जेवणाच्या वेळी. शब्बाथाचा दिवस होता, घर एका परूशी पुढाऱ्याचं होतं. बोलता बोलता एका पाहुण्याच्या तोंडून निघून गेलं, की देवाच्या राज्यात जेवायला मिळेल तो माणूस किती भाग्यवान! असं वाक्य कुठल्याही धार्मिक मंडळीत शोभून दिसतं. सगळ्यांनी माना डोलवाव्यात आणि पुढचा घास घ्यावा. येशूनं मात्र मान डोलावली नाही. त्यानं गोष्ट सांगितली, आणि तिचा रोख असा होता, की बाबा, बोलावणं तर केव्हाच आलं आहे. तू निघाला आहेस का?

गोष्टीतल्या तिघांची कारणं आपल्याला माहीत आहेत. एकानं शेत घेतलं आहे, ते पाहायला जायचं आहे. दुसऱ्यानं पाच बैलजोड्या घेतल्या आहेत, त्या चालवून बघायच्या आहेत. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालं आहे. ज्यानं बँकेत शेतीकर्जाची प्रकरणं हाताळली आहेत, त्याला पहिली दोन कारणं वाचून हसू आल्याशिवाय राहणार नाही. बांधावरून फिरल्याशिवाय जमीन कोण घेतो? आणि पाच जोड्या म्हणजे दहा बैल. एवढी खरेदी करणारा बडा शेतकरी जू मानेवर ठेवून बघितल्याशिवाय पैसे मोजेल? म्हणजे शेत पाहून झालं होतं, बैलही पारखून झाले होते. तिसऱ्याचं कारण जरा बरं वाटतं, कारण मोशेच्या नियमशास्त्रात नवविवाहित पुरुषाला वर्षभर लढाईवर न जाण्याची सूट होती. पण सूट लढाईवर जाण्यापासून होती, जेवायला जाण्यापासून नव्हती. शिवाय पहिल्या दोघांनी निदान माफी तरी मागितली. तिसऱ्यानं तेवढीही तसदी घेतली नाही.

पण खरी मेख पुढेच आहे. या तिघांपैकी कुणीही पापी नाही. कुणी चोरीला निघालेला नाही, कुणी दारूच्या गुत्त्यावर बसलेला नाही. शेत, जनावरं, संसार, सगळी सज्जनांची कामं! देवाच्या बोलावण्याआड आपली दुष्कृत्यं येतात असं आपण समजतो. येशूच्या गोष्टीत मात्र आड येतो तो आपला नीटनेटका, कष्टानं उभा केलेला प्रपंच. म्हणून ही गोष्ट गुन्हेगारांपेक्षा गृहस्थांना जास्त लागू पडते.

बँकेत उमेदीची सगळी वर्षं घालवल्यामुळे मला या ठिकाणी बेवारस ठेवी आठवतात. दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर 2014 पासूनच्या नियमानुसार ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जमा होते. त्यानंतरही खातेदाराचा किंवा त्याच्या वारसाचा हक्क बुडत नाही. तो कधीही येऊन आपले पैसे मागू शकतो. अशा खात्यांच्या याद्या पाहताना वाटायचं, या माणसांचं बँकेशी भांडण थोडंच झालं होतं! बहुतेकांनी फक्त ‘जाऊ पुढच्या आठवड्यात’ एवढंच म्हटलं असेल. उदासीनतेला आवाज नसतो. ती दार आपटून निघून जात नाही, उद्यावर ढकलते.

म्हणूनच नकार आणि उदासीनता या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. त्यासाठी आपल्याच मराठी मातीतलं एक घर डोळ्यांसमोर आणू या. नारायण वामन टिळक 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यातल्या एका युरोपियन प्रवाशाशी धर्माच्या गप्पा झाल्या, आणि त्यानं नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातात ठेवली. टिळकांना त्या पुस्तकाची फारशी ओढ वाटली नव्हती. तरी वाचीन म्हणून शब्द दिला आणि तो पाळला. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले, तेव्हा त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपल्याला त्यांचं काव्य आठवतं. पण त्या सगळ्याच्या आधी एका अनोळखी माणसाला दिलेला एक साधा शब्द होता. मनात उत्साह नसतानाही तो त्यांनी हलका मानला नाही. आदराची सुरुवात अनेकदा एवढीशीच असते.

आणि लक्ष्मीबाई? त्यांच्यावर तर आकाशच कोसळलं. 1934 पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते सारं लिहून ठेवलं आहे. त्या काही वर्षं पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र राहू लागल्या तरी त्यांनी सोवळं सोडलं नाही, स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीचा नवा धर्म त्यांनी खुशाल नाकारला. पण या नकारात उदासीनतेचा लवलेश नव्हता. त्या रडल्या, भांडल्या, विचार करत राहिल्या. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच झुंजून सोडवला, आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन मुलांचा एक दाखला आहे. बाप मळ्यात कामाला जा म्हणतो. एक मुलगा चक्क नाही म्हणतो, पण नंतर त्याला पस्तावा होतो आणि तो जातो. दुसरा अदबीनं ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. देवाला हा अदबशीर मुलगा परवडत नाही. तोंडावर नाही म्हणणारा परवडतो, कारण त्यानं निदान प्रश्न मनावर घेतलेला असतो.

आता कुणी म्हणेल, आम्ही तर दर रविवारी चर्चला जातो, आम्हाला हे कशाला? मत्तयानं हीच मेजवानीची गोष्ट राजपुत्राच्या लग्नाची म्हणून सांगितली आहे, आणि तिला एक शेपूट आहे. पहिले पाहुणे येत नाहीत, म्हणून रस्त्यावरच्या बऱ्यावाईट सगळ्यांना बोलावून मंडप भरतो. राजा पाहायला येतो, तर एक जण लग्नाच्या पोशाखाविनाच बसलेला. राजा विचारतो, तू असा कसा आत आलास? त्याच्याजवळ उत्तर नसतं. बाहेर राहिलेल्यांकडे निदान कारणं तरी होती, आत येऊन बसलेल्याकडे तेवढंही नाही! तो आला खरा, पण आपण कुणाच्या घरी आलो आहोत याची त्याला दखल नव्हती. उदासीनतेचा हा दुसरा प्रकार चर्चच्या भिंतींच्या आतला आहे.

चर्चच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार दिसतात. माणसं प्रभुभोजनाला इतकी क्वचित येऊ लागली होती, की 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेला वर्षातून निदान एकदा तरी या, असा नियम करावा लागला. पुढे कित्येक भाविक आपण अपात्र आहोत या भीतीनंच दूर राहत. 1905 मध्ये पोप दहावे पायस यांनी वारंवार या म्हणून उत्तेजन दिलं. पूर्वी ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा वर्ज्य असे. 1957 मध्ये हा उपवास तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. वाट सोपी झाली हे चांगलंच झालं. आजारी माणसाला, लेकुरवाळीला, रात्रपाळी करून आलेल्या कामगाराला ती आधी फार अवघड होती. पण वाट सोपी झाली की पावलं यंत्रासारखी पडू लागतात. रांग पुढे सरकते म्हणून आपण सरकतो, परत जागेवर येतो आणि घड्याळ पाहतो. हा उपवास पोटापेक्षा मनाला जागं ठेवण्यासाठी होता. तो एका तासाचा झाल्यावर मन जागं ठेवायचं काम आपल्या अंगावर आलं.

मग आदर म्हणजे नेमकं काय? गुडघे टेकणं, डोकं झाकणं, हळू बोलणं? ते सगळं ठीकच आहे. पण इसवी सन 55 च्या सुमारास पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात याचं फार रोखठोक उत्तर आहे. तिथली मंडळी प्रभुभोजनासाठी जमत. ज्यांच्याकडे असे ते आधीच खाऊन-पिऊन घेत, कुणी तर झिंगत. मोलमजुरी करणारे, गुलाम बहुधा उशिरा पोचत असावेत. ते उपाशी राहत. पौल संतापतो. जो येईल त्यानं स्वतःची परीक्षा करून यावं, असं तो बजावतो, आणि शेवटी सांगतो, की जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे देवाच्या पंगतीचा अपमान होतो तो शेजारच्या रिकाम्या ताटाकडे दुर्लक्ष केल्यामुळे. लक्ष्मीबाईंनी ‘कुणाच्या हातचं’ या प्रश्नाशी का झुंज घेतली, हे इथे उमगतं. यजमानाचा मान राखायचा तर त्यानं बोलावलेल्या प्रत्येक पाहुण्याचा मान राखावा लागतो. तो कुठल्या जातीचा, कुठल्या वस्तीतला, हे विचारायचा अधिकार आपल्याला नाही. आणि हा प्रश्न आपल्या मंडळ्यांतून पुरता हद्दपार झाला आहे, असं छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

आपल्या जुन्या पत्रिकांत ‘अगत्य येण्याचे करावे’ असं छापलेलं असे. अगत्य हा शब्द मोठा गोड आहे. त्यात यजमानाची आपुलकी आहे आणि जाण्याची निकडही आहे. देवाचं बोलावणं असंच असतं. त्यात सक्ती नाही, पण ते सवडीनं घ्यायचंही नाही. रविवारी मिस्सेला किंवा उपासनेला निघण्यापूर्वी घरात पाच मिनिटं शांत बसणं, आज कुठला उतारा वाचला जाणार आहे तो मुलांबरोबर आधी वाचून ठेवणं, ज्या भावाशी बोलणं बंद आहे त्याला वाटेत हाक मारणं, शेजारच्या एकट्या म्हाताऱ्या बाईला हात धरून सोबत नेणं, यातलं काहीही शेत किंवा बैल विकून करायचं नाही. दाखल्यातला यजमानही कुणाला शेत विकून ये म्हणत नाही. तो फक्त ये म्हणतो.

आणि त्या गोष्टीतलं एक वाक्य वाचताना सहसा निसटतं. गावातले गरीब, लुळे, आंधळे, पांगळे येऊन बसल्यावर नोकर धन्याला सांगतो, की तरीही जागा उरली आहे. मग यजमान दार लावून घेत नाही. तो नोकराला पुन्हा बाहेर धाडतो, गावाबाहेरच्या रस्त्यांवर, कुंपणांच्या कडेकडेनं.