डिजिटल उत्पादन पारपत्र आणि सीमापार ऑनलाइन आयातीवरील देखरेख : युरोपीय संघाच्या व्यवस्थेचे विवेचन

प्रस्तावना :
परदेशी माल पूर्वी प्रामुख्याने कंटेनरमधून बंदरात येत असे. एका आयातदाराच्या नावावर हजारो नग असत व दोष आढळल्यास जबाबदारी निश्चित करता येई. ऑनलाइन बाजारपेठांमुळे ही स्थिती पालटली आहे. युरोपीय आयोगाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये १५० युरोपर्यंत किमतीच्या सुमारे ४६० कोटी वस्तू युरोपीय संघात आल्या. दिवसाची सरासरी १.२ कोटींहून अधिक भरते. त्यांपैकी सुमारे ९१ टक्के वस्तू चीनमधील होत्या. इतकी पाकिटे उघडून पाहणे कोणत्याही सीमाशुल्क यंत्रणेस शक्य नाही. अशा स्थितीत उत्पादनाविषयीची डिजिटल माहिती देखरेखीस कितपत उपयुक्त ठरेल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पारपत्राचे स्वरूप :
शाश्वत उत्पादनांसाठीची पर्यावरणपूरक रचना नियमावली १८ जुलै २०२४ रोजी अमलात आली. तीत डिजिटल उत्पादन पारपत्राची तरतूद आहे. क्यूआर कोडसारख्या खुणेद्वारे उत्पादनातील घटक, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय, उत्पादकाची ओळख व अनुरूपतेची कागदपत्रे यांपर्यंत पोहोचता येते. नेमकी कोणती माहिती द्यावयाची, हे उत्पादनगटानुसार ठरविले जाते. विद्युत वाहनांच्या तसेच २ किलोवॅट-तासांहून अधिक क्षमतेच्या औद्योगिक बॅटऱ्यांसाठी १८ फेब्रुवारी २०२७ पासून पारपत्र बंधनकारक आहे. २०२५ मध्ये संमत झालेल्या खेळणी सुरक्षा नियमावलीतही त्याचा समावेश आहे.

सीमेवरील पडताळणी :
सविस्तर माहिती उत्पादकाकडे किंवा त्याने नेमलेल्या सेवापुरवठादाराकडे राहते. मध्यवर्ती नोंदणीसंचात मुख्यतः ओळखक्रमांक असतात. आयातीच्या घोषणापत्रात नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक व मालाचा वर्गीकरण संकेतांक नोंदणीसंचाशी जुळतो की नाही, हे संगणक तपासतो. जुळणी न झाल्यास माल मोकळा केला जात नाही. त्यामुळे अधिकाऱ्यांना आपला वेळ संशयास्पद मालाच्या प्रत्यक्ष तपासणीस देता येतो.

व्यवस्थेच्या मर्यादा :
या पडताळणीतून क्रमांक अस्तित्वात असल्याचे सिद्ध होते. पाकिटातील वस्तू तीच आहे, हे मात्र सिद्ध होत नाही. प्रमाणित खेळण्याचा कोड नकली खेळण्यावरही छापता येतो. त्यातील शिसे वा घातक रसायने प्रयोगशाळेतच उघड होतात. सीमेवर माल मोकळा झाला म्हणजे तो नियमांस अनुरूप आहे असे समजू नये, असे उपरोक्त नियमावलीतही नमूद आहे. शिवाय विक्रेता संघाबाहेरील असल्यास कारवाई कोणावर करावी, हा प्रश्न उरतो. स्वस्त पाकिटांतील वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून ३ युरो शुल्क आकारण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये झाला. शुल्क भरल्याने वस्तू सुरक्षित होत नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

भारताच्या दृष्टीने महत्त्व :
एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेत वस्त्रोद्योगास अग्रक्रम देण्यात आला आहे. त्यामुळे युरोपला तयार कपडे पाठविणाऱ्या भारतीय निर्यातदारांना सूत, रंगाई व शिलाई या टप्प्यांवरील नोंदी जपाव्या लागतील. लहान उत्पादकांसाठी हा खर्च दुर्लक्षणीय नाही.

समारोप :
डिजिटल पारपत्र हे तपासणीची दिशा दाखविणारे साधन आहे. प्रयोगशाळेतील नमुना-तपासणी आणि संघात जबाबदार व्यक्ती असणे, या दोहोंची जोड मिळाली तरच ग्राहकास खरे संरक्षण लाभेल. अन्यथा क्रमांक अचूक आणि वस्तू सदोष, अशी विसंगती निर्माण होण्याचा धोका आहे.