टोपणनावाची पत

माझी पुतणी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नाशिक रोडच्या आमच्या घरातील मागच्या खोलीत तिने टेबलाच्या कडेला स्टिअरिंगचे एक चाक आवळून बसविले आहे. खाली पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, समोर संगणकाचा पडदा. रात्री जेवणे आटोपली की त्या खोलीत मोटारींची शर्यत सुरू होते. तिच्याबरोबर धावणाऱ्या वीस-पंचवीस मोटारींपैकी एखादी ब्राझीलमधून, एखादी पोलंडमधून तर एखादी पुण्यातून कोणी चालवीत असतो. याला सिम्युलेटरवरील शर्यत म्हणतात. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांनी त्यास पोरखेळ समजू नये. टायरची झीज, इंधनाचे वजन, वळणावरची घसरण यांचे गणित त्यात इतक्या काटेकोरपणे मांडलेले असते की, प्रत्यक्ष मैदानावरचे नामांकित चालकही या शर्यतींत हौसेने उतरतात.

पुतणी या शर्यतींत 'रामशेज' या नावाने उतरते. नाशिकच्या उत्तरेचा, मोगलांना अनेक वर्षे दाद न देणारा हा किल्ला तिने का निवडला हे मी विचारले नाही. या नावावरून चालवणारा पुरुष की स्त्री, कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, काहीच कळत नाही. काही महिन्यांपूर्वी एका शर्यतीत ती ध्वनिक्षेपकावर दोन वाक्ये बोलली आणि रामशेज ही मुलगी आहे हे सर्वांस कळले. पुढच्याच फेरीत कोणी तरी तिची मोटार मुद्दाम धडक देऊन मार्गाबाहेर ढकलली. शर्यत संपल्यावर निरोप आले. त्यांतले सगळे तिने मला दाखविले नाहीत. तक्रार केली तेव्हा असे दिसून आले की, ढकलणारा ते नाव टाकून एव्हाना दुसऱ्या नावाने वावरू लागला होता.

यावर उपाय म्हणून तिने शिस्तीबद्दल ख्याती असलेल्या दुसऱ्या एका सेवेचे सभासदत्व घ्यायचे ठरविले. 'आयरेसिंग' ही २००८ साली सुरू झालेली अमेरिकन सेवा सभासदाकडून वर्गणी घेते आणि त्याने खऱ्या नावानेच शर्यतीत उतरावे असा आग्रह धरते. अर्ज भरताना पुतणी आडनावाच्या रकान्याशी थांबली. "काका, ज्यांच्यापासून लपायचंय त्यांच्यासमोरच पूर्ण नाव लावायचं का?" तिने विचारले. मी मास्तरी थाटात सांगून मोकळा झालो की, प्रामाणिक माणसाला खोटे नाव लागत नाही. ती म्हणाली, "पण रामशेज खोटं कुठंय?"

त्या रात्री मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी घेऊन मी काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवीत होतो. मानधन सहा-सहा महिने मिळत नसे. त्याविषयी मी एका दैनिकाच्या पत्रव्यवहाराच्या सदरात पत्र लिहिले आणि खाली सही केली ती 'एक तासिकावाला' अशी. पत्राच्या शेवटी खरे नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी दिला होता, कारण वृत्तपत्रांचा तसा दंडकच होता. पत्र छापले गेले. माझे नाव संपादकांच्या टेबलावरून पुढे गेले नाही. पुढील वर्षी मला तास मिळाले ते केवळ त्यामुळेच. अशा माणसाने पुतणीस टोपणनावावरून उपदेश करावा हे शोभण्यासारखे नव्हते.

वस्तुतः महाराष्ट्रात, आणि नाशकात तर विशेषच, टोपणनावाला खोटेपणाचा वास येऊ नये. या गावाने एका टोपणनावाला उराशी धरले आहे. कुसुम या बहिणीचा अग्रज म्हणून कविता कुसुमाग्रजांच्या, आणि नाटके मात्र वि. वा. शिरवाडकरांची, ही विभागणी वाचकांनी निमूटपणे मान्य केली. त्यांतली खरी सही कोणती असा प्रश्न कोणी विचारला नाही. त्यातही गंमत अशी की, ज्याला आपण त्यांचे खरे नाव म्हणतो ते विष्णु वामन हे नावसुद्धा दत्तक गेल्यानंतरचे. जन्माने ते गजानन रंगनाथ. १९४२ च्या 'विशाखा'पासून १९९९ मध्ये निधन होईपर्यंत कुसुमाग्रज या नावावर जी पत साठत गेली, ती एका भिकार ओळीनेही उणावली असती हे त्या कवीस ठाऊक होते. अर्थशास्त्राच्या भाषेत ती गुंतवणूक होती. नाव जन्मदाखल्यावरचे आहे की निवडलेले, यावर तिचे मोल ठरत नव्हते. ते टाकून देता येत नव्हते यावर ठरत होते.

टोपणनाव हे दुर्बळाचे चिलखतही असते. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा 'विभावरी शिरूरकर' कोण याचा शोध घेण्यासाठी केवढे काहूर उठले! बाळूताई खरे, म्हणजेच नंतरच्या मालतीबाई बेडेकर, यांनी अविवाहित, मिळवत्या मुलींच्या मनातले लिहिले होते. पुस्तकावर उघड नाव असते तर समाजाने त्या लेखनाची नव्हे, लेखिकेच्या चारित्र्याची समीक्षा केली असती. नव्वदाहून अधिक वर्षांनंतर माझ्या पुतणीला संगणकाच्या पडद्यावर नेमके तेच भय वाटावे, याचा विचार प्रगतीचे गोडवे गाणाऱ्यांनी करावयास हवा.

खऱ्या नावाच्या पुरस्कर्त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. नावानिशी ओळख असली की माणूस जपून वागतो. जिमखान्यात पत्ते कुटताना आपण जी शिवी गिळतो ती अनोळखी गर्दीत सहज तोंडातून जाते. शिवाय खऱ्या नावाने वावरणाऱ्याला परिणामही भोगावे लागतात. नॅस्कार शर्यतींचा अमेरिकन चालक काइल लार्सन याने एप्रिल २०२० मध्ये अशाच एका आभासी शर्यतीत, आपले बोलणे सर्वांना ऐकू जात आहे हे लक्षात न आल्याने, एक वंशद्वेषी शब्द उच्चारला. दोन दिवसांत त्याच्या संघाने त्याला काढून टाकले. परंतु येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. खरे नाव पडद्यावर असूनही तो शब्द तोंडून गेलाच. नावामुळे शिक्षा शक्य झाली, आवर मात्र बसला नाही. आणि खरे नाव दिसते म्हणून चाकावर हातही त्याचेच असतील याची तरी हमी कोठे आहे? त्याच वर्षी मे महिन्यात फॉर्म्युला ई मधील जर्मन चालक डानिएल आब्ट याने आभासी शर्यतीत आपल्या नावावर दुसऱ्याच एका वाकबगार खेळाडूला बसविले. ते उघडकीस आले आणि आउडीच्या संघातील जागा त्याला गमवावी लागली.

उलटपक्षी, मे २०२५ मध्ये न्यूरबर्गरिंगच्या प्रत्यक्ष मार्गावर सराव करताना 'फ्रान्त्स हेरमान' हे नाव लावणारा इसम तोवर चार वेळा जगज्जेता ठरलेला माक्स व्हेर्स्टापन निघाला. हाच गृहस्थ सिम्युलेटरवर मात्र खऱ्या नावाने धावतो! १९८५ ची ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या तिघांपैकी 'जॉन विंटर' याचे खरे नाव लुई क्रागेस. मोटारीच्या शर्यतीत उतरतो हे आईला कळू नये म्हणून त्याने नाव बदलले होते. मोटार त्याने यामुळे वाईट चालविली असे कोणी म्हटलेले नाही.

मग 'आयरेसिंग'मध्ये शिस्त येते कोठून? तेथील हिशेब असा : मोटार मार्गाबाहेर गेली की एक गुण, ताबा सुटून फिरली की दोन, दुसऱ्या मोटारीला जोराने भिडली की चार, असे प्रमादाचे गुण नोंदले जातात, आणि दोष कोणाचा याची चौकशी न करता ते धडकेतील दोघांच्याही खाती पडतात. किती वळणे निर्वेध पार केली याच्याशी ते ताडून सुरक्षिततेचा दर्जा ठरतो आणि त्यावर वरच्या वर्गाचा परवाना. प्रत्येक नवख्याला तळापासूनच सुरुवात करावी लागते. म्हणजे ज्याने वर्षभर खपून वरचा परवाना मिळविला, त्याला तो घालविणे परवडत नाही. नवे खाते उघडायचे तर पुन्हा वर्गणी आणि पुन्हा तळाचा वर्ग. या व्यवस्थेत खऱ्या नावाचा वाटा किती आणि वर्गणीचा व नोंदवहीचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. जपानी 'ग्रान टुरिस्मो' खेळात निवडलेली नावे चालतात, आणि तरीही २०१७ पासून त्यात खिलाडूपणाचा स्वतंत्र दर्जा खात्याला चिकटलेला असतो. माझा कल नोंदवहीला श्रेय देण्याकडे आहे.

एरिक फ्रीडमन व पॉल रेझनिक या दोघा अभ्यासकांनी २००१ साली स्वस्त टोपणनावांची सामाजिक किंमत मांडून दाखविली. नाव फुकट बदलता येत असेल तर प्रत्येक नवागताकडे संशयानेच पाहावे लागते आणि त्या संशयाचा भुर्दंड प्रामाणिक नवागताला पडतो. त्यांनी सुचविलेला एक मार्ग मोठा मार्मिक आहे : मध्यस्थाने प्रत्येकास असे टोपणनाव द्यावे की त्यामागचा माणूस इतरांस कळू नये, मात्र त्याला आयुष्यात दुसरे मिळू नये. म्हणजे दोष टोपणनावाचा नाही. त्याच्या स्वस्ताईचा आहे.

यात परदेशी असे काही नाही. आपल्या परीक्षांत उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो आणि तपासणाऱ्यापासून तोही झाकलेला असतो. उत्तरपत्रिकेत कोठे नाव लिहिले तर तो गैरप्रकार ठरतो. विद्यापीठाला विद्यार्थी माहीत, तपासनिसाला केवळ उत्तर माहीत, आणि नापास झाल्यावर तो क्रमांक माझा नव्हेच असे म्हणण्याची सोय कोणाला नाही. आडनावावरून जात ताडण्याची विद्या ज्या प्रदेशात पोराटोरांनाही अवगत आहे तेथे ही झाकपाक किती मोलाची, हे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या कोणत्याही शिक्षकास विचारावे. आमच्या नाशिक रोडला १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे आणि प्रतिभूती मुद्रणालयात पासपोर्टच्या पुस्तिकाही छापल्या जातात. नोटेवर धारकाचे नाव नसते, फक्त क्रमांक आणि रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. तेवढ्यावर भाजीवाली ती घेते. पासपोर्ट मागायची जागा वेगळी असते.

खऱ्या नावाचा नियम सर्वांस सारखा असला तरी त्याचा खर्च सारखा नसतो. जॉन स्मिथ नावाच्या माणसाला शोधणारा हजारोंच्या गर्दीत हरवेल. नाव-आडनाव पुन्हा आले तर 'आयरेसिंग' पुढे आकडा जोडते, इतकी ती गर्दी असते. एखाद्या विरळ मराठी आडनावाच्या मुलीचे महाविद्यालय, गल्ली आणि छायाचित्र मात्र पाच मिनिटांत सापडते. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची खरी ओळख पटविणे सक्तीचे केले होते. २०११ मध्ये एका कंपनीकडील सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली आणि पुढील वर्षी तेथील घटना न्यायालयाने ती सक्ती रद्द ठरविली. तेव्हा संयोजकाकडे नाव असावे हे म्हणताना, त्याने ते किती जपावे आणि गरजेपलीकडे काही साठवू नये, हेही त्याच दमात म्हटले पाहिजे.

पुतणीने त्या अमेरिकन कंपनीला पत्र लिहून विचारले आहे की, नाव तुमच्या दप्तरी खरे ठेवा, ओळखपत्र पाठविते. पण पडद्यावर रामशेज चालेल काय? मसुदा मी तपासून दिला. त्यात फारसे बदल करावे लागले नाहीत. उत्तर अद्याप आलेले नाही आणि अर्ज आडनावाच्या रकान्यापाशी थांबलेला आहे. तूर्त ती जुन्याच ठिकाणी धावते आहे. ध्वनिक्षेपक मात्र बंद ठेवते.