पाठीमागची फळी होडीला सरळ कशी नेते?

किनवटजवळ पैनगंगेच्या एका काठाला मराठवाडा, समोरच्या काठाला विदर्भ. घरी ठोकून बनवलेली लहानशी होडी संथ पाण्यात घालून समोरचा काठ गाठायचा, एवढेच काम असते. पण उजवीकडून वल्हे मारले की होडीचे तोंड डावीकडे फिरते. डावीकडून मारले की उजवीकडे. पुढे जाण्यात थोडी आणि तोंड सावरण्यात जास्त ताकद जाते. नवख्या माणसाला वाटते, आपला हात बसलेला नाही. ते काही अंशी खरेही असते, पण खरी गंमत पाण्याखाली चाललेली असते.

वल्ह्याचा रेटा होडीच्या मध्यरेषेत मिळत नाही, बाजूला मिळतो. म्हणून प्रत्येक वल्ह्यासरशी होडी पुढेही सरकते आणि फिरतेही. इथवर कुणालाही पटेल. पण वल्हे उचलल्यावरही होडी फिरतच राहते. आता तिला कोण फिरवते?

तिला फिरवते पाणी. समजा, तोंड जरासे डावीकडे वळले. होडीचा वेग मात्र अजून समोरच्या दिशेनेच आहे. त्यामुळे पाणी तोंडाच्या उजव्या अंगावर आदळते आणि तोंड आणखी डावीकडे ढकलते. मागच्या टोकाला दाब उलट बाजूने येऊन शेपूट उजवीकडे सरकवू पाहतो. दोन्ही रेटे मिळून वळण वाढवतात. लांबट वस्तू पाण्यातून टोकाने पुढे नेली, तर ती आडवी व्हायला बघते. केल्विन आणि टेट या शास्त्रज्ञांनी 1867 च्या आपल्या ग्रंथात हे मांडले होते. 1924 साली मॅक्स मंक यांनी हवाई जहाजांच्या फुगीर अंगावर नेमका हाच वळवणारा जोर गणिताने मोजून दाखवला. आकाशात तरंगणारे अजस्र जहाज आणि पैनगंगेतली दोन माणसांची होडी यांना एकच नियम लागू पडतो, हे कळल्यावर पाण्याकडे बघण्याची नजरच बदलते.

उपायही दोघांचा एकच. त्या जहाजांना शेपटाशी मोठे पंख असत. होडीला मागच्या टोकाखाली एक उभी फळी पुरते. तोंड डावीकडे वळले की पाणी या फळीच्या उजव्या अंगावर आदळते, शेपूट डावीकडे ढकलते आणि तोंड आपोआप उजवीकडे, म्हणजे जागेवर येऊ लागते. किनवटच्या रानात गोंड-कोलामांनी बाणाला पिसे लावली ती मागच्या टोकाला, त्याचे कारणही हेच. पिसे पुढे लावली तर बाण उलटा फिरेल, आणि फळी तोंडाशी लावली तर होडी पहिल्यापेक्षा जास्त भरकटेल.

फळी केवढी लागते? 30 सेंटिमीटर लांब आणि 15 सेंटिमीटर खोल फळी घ्या. होडी सेकंदाला एक मीटर, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने जाते आहे आणि पाच अंशांनी वाकडी झाली आहे असे धरा. ढोबळ हिशेबाने फळीवर सुमारे 300 ग्रॅम वजनाइतका बाजूचा रेटा येतो. ऐकायला तो किरकोळ वाटतो, पण तो सतत लागतो आणि दुरून लागतो. फळी होडीच्या मध्यापासून दुप्पट अंतरावर लावली, की तिची वळवण्याची ताकद दुप्पट होते. वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट होतो. होडी उभी असताना मात्र फळीची मदत फारशी मिळत नाही. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वल्ही हलक्या हाताने, बाजू बदलत मारावीत.

फळी लावण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा: थोडे मागे सरकून बसा. पुढे वजन असले की तोंड पाण्यात रुतते आणि शेपूट मोकळे सुटून फिरते. मागे वजन गेले की शेपटाला पाण्याची पकड मिळते. वल्हे मारतानाही ते होडीच्या कडेला लागून सरळ मागे ओढावे, लांब कमान काढू नये. एकट्याने मागे बसून वल्हवताना शेवटी पाते किंचित बाहेर ढकलले, की त्याच वल्ह्याने केलेले वळण तिथल्या तिथे फिटते. हंपीला तुंगभद्रेवरच्या गोल टोपलीहोडीला लांबीच नसते, त्यामुळे तिला स्वतःची दिशाही नसते. तिला सरळ नेण्याचे सगळे कसब नावाड्याच्या हातात असते. आपली होडी लांब आणि अरुंद असेल, तर आडवी व्हायला बघत असली तरी ती सावकाश फिरते, आणि नावाड्याचे काम बरेच हलके होते.

फळी लावताना आपली नदी विसरू नका. इस्लापूरजवळच्या सहस्रकुंडाला पैनगंगेचा काळा खडक उघडाच दिसतो. अशा पात्रात खोल फळी दगडावर आपटून तुटते, म्हणून ती उथळ आणि लांब ठेवावी. ती मध्यरेषेत, अगदी सरळ बसली पाहिजे. तिरकी बसली तर होडी कायमची एका अंगाला ओढत राहील. फार मोठीही करू नये, नाहीतर हवे तेव्हा होडी वळणार नाही.

भरकटणारी होडी प्रवाहाला आडवी येते, आणि आडवी आलेली होडी उलटायला वेळ लागत नाही. सरळ जाण्याचे मोल त्यामुळे मोठे आहे. 2023 साली गंगापूर तालुक्यातल्या भिवधानोऱ्याची मुले थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी ओलांडत शाळेला जात असल्याच्या बातम्या आल्या होत्या. तशा सपाट तुकड्याला ना टोक, ना शेपूट. त्या मुलांना फळी नव्हे, पूल हवा होता. आणि तुम्ही हौसेने होडी बांधत असाल, तर फळी जरूर लावा, पण अंगात जीवरक्षक जाकीट घालूनच पाण्यात उतरा. पैनगंगेला पूर असेल त्या दिवशी होडी काठावरच राहू द्या.