पाहिजे : पीएचडीसाठी संशोधक

युरोपात संगणकशास्त्राच्या पीएचडीची ॲडमिशन कधी सुरू होते, असं पुण्या-नाशिकहून कोणी विचारलं की मी उत्तरादाखल एक जाहिरात पाठवतो. ती नोकरीची असते. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठात मी संशोधन करतो, आणि इथे पीएचडी करणारा माणूस बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. जाहिरातीत आठवड्याचे तास, चार वर्षांची मुदत आणि पगार स्पष्ट छापलेला असतो. देशातल्या विद्यापीठांचा वेतनकरार सामायिक आहे; त्यानुसार हल्ली सुरुवात कर कापण्याआधी महिना तीन हजार युरोंच्या आसपास होते. वर ८ टक्के सुट्टीभत्ता आणि ८.३ टक्के वर्षअखेरची रक्कम. फीचं नाव नाही, कारण अशा जागेला फी नसतेच.

मग विषय येतो, तोही भलताच नेमका: ‘वितरित डेटाबेसमधल्या व्यवहारांची गणिती पडताळणी’ वगैरे. त्याच्या आसपास कुठेतरी एक ओळ असते, जिच्यावरून बहुतेकांची नजर घसरते. या जागेचा पैसा कोण देतंय? देशाची संशोधन परिषद, युरोपियन संघ, एखादी कंपनी, की खुद्द विभाग? माझ्या मते पर्यायांची तुलना करायची ती या ओळीवरून. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक नंतर बघावा.

समजा, प्राध्यापकाला युरोपियन रिसर्च कौन्सिलचं स्टार्टिंग ग्रँट मिळालंय. म्हणजे पाच वर्षांसाठी साधारण १५ लाख युरोंपर्यंतचा निधी. त्यातून काय शोधायचं हे अर्ज करतानाच लिहून दिलेलं असतं, आणि तुम्ही रुजू होईपर्यंत त्यातलं एखादं वर्ष उलटून गेलेलंही असू शकतं. अशा जागेवर शिकवण्याचं ओझं कमी, पण विषय बदलायला वावही कमी. विभागाच्या पैशावरची जागा असेल तर विषय बराचसा तुमच्या हातात, पण प्रात्यक्षिकं घेणं आणि पेपर तपासणं आलंच.

देश बदलला की याच हिशोबाचे आकडे बदलतात. जर्मनीत जाहिरातीवर ‘टीव्ही-एल ई१३’ ही वेतनश्रेणी आणि पुढे टक्के असतात. ५० टक्के म्हणजे अर्धा पगार. काम अर्धं असेलच असं नाही. संगणकशास्त्रात सहसा पूर्ण जागा मिळते, तरी तो आकडा बघून घ्यावा. स्वीडनमध्ये अभ्यास चार वर्षांचा. विभागाची कामं २० टक्क्यांपर्यंत देता येतात, म्हणून मुक्काम पाच वर्षांचा होतो. फ्रान्समध्ये करार तीन वर्षांचा असतो. तिथली ‘सिफ्र’ योजना १९८१ पासून चालू आहे: पगार कंपनी देते, सरकार तिला अनुदान देतं आणि संशोधक कंपनी व प्रयोगशाळा अशा दोन्हीकडे काम करतो. ब्रिटनचा घाट आपल्याला जास्त ओळखीचा वाटेल, कारण तिथे पीएचडीवाला विद्यार्थीच असतो. फी असते, ती शिष्यवृत्तीतून भागवायची, आणि परदेशी विद्यार्थ्याची वाढीव फी कोण भरणार हे आधी विचारायचं.

युरोपियन संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्यूरी जाळ्यांमधल्या जागांना एक अजब वाटणारा नियम आहे. ज्या देशात नोकरी, त्या देशात गेल्या ३६ महिन्यांपैकी १२ पेक्षा जास्त महिने राहिलेला उमेदवार चालत नाही. त्यामुळे म्युनिकमध्ये नुकतंच एमएस केलेल्या मुलीला जर्मनीतली जागा बंद, पण डेन्मार्कची उघडी. एमएस आधी करावंच लागतं का, हाही नेहमीचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी हो. चार वर्षांच्या बीटेकवर थेट घेणाऱ्या जागा मोजक्या: व्हिएन्नाजवळची आयएसटीए ही संशोधन संस्था, किंवा झारब्रुकेनमधल्या माक्स प्लांक संस्थांसारखी ठिकाणं. आयएसटीएमध्ये तर आधी वेगवेगळ्या गटांत थोडं थोडं काम करून मग मार्गदर्शक ठरवतात.

आमच्या गटात जागा निघाली की अर्ज चाळायला मार्गदर्शक आम्हालाही बसवतात. पडद्यावर अर्ज उघडतो, नजर आधी एमएसच्या प्रबंधाकडे जाते, मग उमेदवाराने लिहिलेल्या कोडकडे, शेवटी पत्राकडे. ‘आदरणीय सर, आपल्या मोलाच्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे’ अशी पत्रं ढिगाने येतात. त्यातलं प्राध्यापकाचं नाव बदललं तर ती कुठेही चालतील. मुलाखतीला बोलावणं गेलं ते वेगळ्याच पत्राला. तुमच्या गटाचं साधन मी या या प्रोग्रामवर चालवून पाहिलं, अमुक ठिकाणी ते अडकलं, मला कारण असं वाटतं, असं त्यात चार ओळींत लिहिलं होतं.

मुलाखतीत एक शोधनिबंध समजावून सांगायला लावतात. तो झाला की प्रश्न येतो: यातलं काय तुम्हाला पटत नाही? निबंध बहुधा समोर बसलेल्यांपैकीच कोणाचा तरी असतो. इथे आपली मुलं हमखास थबकतात. वडीलधाऱ्याच्या लिखाणात खोट काढायची सवय नसते, आणि पॅनेलला नेमकं तेच ऐकायचं असतं. काम मिळाल्यावरही रोज तेच करायचं असतं ना.

पहिल्या वर्षाच्या सुमारास डच विद्यापीठांत ‘गो/नो-गो’ बैठक होते. पुढे चालू ठेवायचं की थांबायचं, ते तिथे ठरतं. त्यापुढचं आयुष्य परिषदांच्या तारखांवर चालतं, कारण संगणकशास्त्रात मोठं काम जर्नलपेक्षा परिषदेत आधी छापतात. मुदत पुष्कळदा ‘पृथ्वीवर कुठेही’ या वेळेने असते, म्हणजे जगात सगळ्यांत शेवटी जिथे दिवस मावळतो तिथली मध्यरात्र. डेल्फ्टमध्ये तेव्हा दुसऱ्या दिवसाची दुपार असते आणि पुण्यात संध्याकाळचे साडेपाच. नावाजलेल्या परिषदा चारपाच निबंधांतला जेमतेम एक घेतात. नकार आला की परीक्षकांचे शेरे वाचायचे, दुरुस्त्या करायच्या आणि पुढची तारीख धरायची.

शेवट मात्र थाटाचा. समितीने प्रबंध आधीच मान्य केलेला असतो, तरी तो जाहीर सभेत लढवावा लागतो. उमेदवाराच्या दोन्ही बाजूंना त्याचे दोन पाठीराखे, समोर काळ्या झग्यांतले प्राध्यापक, मागे आईवडील आणि मित्रमंडळी. डेल्फ्टमध्ये प्रबंधासोबत काही विधानंही छापून द्यावी लागतात. त्यातली काही विषयाबाहेरची असतात आणि परीक्षक त्यांच्यावरही खुशाल हल्ला चढवू शकतो. ठरलेली वेळ भरली की पेडेल नावाची अधिकारी दंड घेऊन आत येते आणि लॅटिनमध्ये ‘होरा एस्ट’, वेळ झाली, असं पुकारते. मग उमेदवार वाक्याच्या अध्येमध्ये असला तरी संपलं. स्वीडनमध्ये बचावाच्या काही आठवडे आधी प्रबंध रीतसर खिळ्याने ठोकून जाहीर करतात. जर्मनीत सहकारी हाताने सजवलेली टोपी डोक्यावर चढवतात. ब्रिटनमध्ये हे सगळं बंद दाराआड, दोन परीक्षकांसमोर उरकतं.

नोकरी करत डॉक्टरेट मिळवण्याची रीत इथे जुनी आहे. आलेखातला सगळ्यांत जवळचा रस्ता शोधण्याची पद्धत देणारे एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, तेव्हा ते तिथल्या गणित केंद्रात प्रोग्रामर होते. प्रबंधही त्यांच्या कामातल्या एक्स-१ या संगणकावरचाच होता.

पण नोकरी म्हटली की तिची तारीखही आली. करार चार वर्षांनी संपतो, आणि प्रबंध त्या दिवशी पुरा असेलच असं नाही. पुष्कळांना आणखी काही महिने लागतात, काहींना वर्ष. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ असं म्हणतात, तेव्हा मान हलवून उठू नये. या गटातल्या मागच्या लोकांना प्रत्यक्षात किती वेळ लागला, आणि करार संपल्यावर त्यांचा पगार कोणी दिला, हे विचारावं. चांगला मार्गदर्शक न अडखळता उत्तर देतो. जो विषय बदलतो, त्याच्या गटातल्या शेवटच्या वर्षाच्या संशोधकाला वेगळा फोन करावा आणि मगच सही करावी.