वर्गणीचे मेज

विद्येला आश्रय देणाऱ्या द्रव्याचे आपल्या परिचयाचे प्रकार मुख्यतः दोन: एक दरबारचा आणि दुसरा शेटसावकारांचा. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या आंबेडकरांना, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करू, असा करार लिहून द्यावा लागला होता. मुंबईच्या एखाद्या शेटजींनी विद्यापीठाच्या हवाली केलेल्या रकमेच्या व्याजावर शिकणाऱ्यास असे बंधन नसे, परंतु देणगीपत्रात शेटजींनी जी कलमे घातली असतील ती त्यांच्या पश्चात सहसा कोणास बदलता येत नसत. तिसरा प्रकार वर्गणीचा. तो आपल्याला अपरिचित नाही, कारण अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मात्र कारखाना डोळ्यांना दिसतो आणि त्यातील माल विकत घेता येतो. सागरातील एखाद्या क्षुद्र जीवाच्या गर्भाची वाढ कशी होते हे पाहत वर्षभर सूक्ष्मदर्शकाशी बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चार घरी हिंडून पैसे मागणे, आणि तेही स्वतः विनावेतन राबून, ही गोष्ट निराळी आहे. ती अमेरिकेतील काही पदवीधर स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस करून दाखविली, आणि त्यांनी बसविलेला तो परिपाठ त्या देशात अद्याप चालू आहे.

२८ नोव्हेंबर १८८१ रोजी बॉस्टन येथे सतरा पदवीधर स्त्रिया एकत्र जमल्या आणि पुढील जानेवारीत त्यांच्या संघटनेस रीतसर रूप आले. पुढाकार मॅरियन टॅल्बट आणि एलन रिचर्ड्स या दोघींचा. रिचर्ड्सबाई रसायनशास्त्रज्ञ होत्या आणि मॅसॅच्युसेट्सच्या सुप्रसिद्ध तंत्रविद्यालयात प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री होत्या. या मंडळींपुढचा पहिला प्रश्न पैशाचा नव्हताच. एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांनी १८७३ साली एक पुस्तक लिहून, उच्च शिक्षणाच्या श्रमाने स्त्रीदेहाची हानी होते, असा सिद्धांत मांडला होता, व तो सुशिक्षित घरांतून वेदवाक्याप्रमाणे मानला जात होता. त्यावर चिडून प्रत्युत्तर लिहिण्याऐवजी या स्त्रियांनी देशभरच्या पदवीधर भगिनींना छापील प्रश्नावल्या धाडल्या, उत्तरांचे कोष्टक बनविले आणि १८८५ साली अहवाल प्रसिद्ध करून दाखवून दिले की शिकलेल्या स्त्रियांची प्रकृती इतरांहून वाईट नाही. वादाला आकड्यांनी उत्तर देण्याची ही वृत्ती पुढे त्यांच्या जमाखर्चातही उतरली.

पदवी मिळविण्याचा मार्ग तोवर स्त्रियांना बऱ्याच अंशी खुला झाला होता. अडत होते ते त्यापुढे. पदव्युत्तर संशोधनाची केंद्रे जर्मनीत, तेथील विद्यापीठांच्या शिष्यवृत्त्या पुरुषांना, आणि घरच्या मंडळींनी मुलीच्या बी.ए.पर्यंतचा खर्च सोसला तरी तिच्या पुढच्या चार वर्षांचा खर्च सोसावा अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ. म्हणून संघटनेने १८९० पासून संशोधनासाठी शिष्यवृत्ती देण्याचा प्रघात पाडला. पहिली शिष्यवृत्ती साडेतीनशे डॉलरांची होती. रक्कम आज किरकोळ वाटते. परंतु तिच्यामागे श्रीमंताची एक थैली नव्हती, शाखाशाखांतून गोळा केलेले डॉलर होते, आणि कोणाला द्यावयाचे हे ठरविणारी समितीही या वर्गणीदारांचीच होती.

या शिष्यवृत्तीचा सर्वांत दूरगामी लाभ ज्या विद्यार्थिनीला झाला तिचे नाव आयडा हाइड. जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात १८५७ साली तिचा जन्म झाला. सोळाव्या वर्षापासून शिकागोत स्त्रियांच्या टोप्या शिवण्याच्या धंद्यात ती उमेदवारी करू लागली, नंतर शाळेत शिक्षिका झाली आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी कॉर्नेल विद्यापीठाची पदवीधर. जेलीफिशच्या गर्भविकासावरील तिच्या कामाने स्ट्रासबुर्गचे प्राध्यापक गोएट यांचे लक्ष वेधले आणि त्यांनी तिला आपल्या प्रयोगशाळेत बोलाविले. १८९३ साली संघटनेच्या युरोपीय शिष्यवृत्तीवर ती तेथे गेली. प्रयोगशाळा मिळाली, परीक्षेस बसण्याची परवानगी मात्र मिळेना. तेव्हा ती हायडेलबर्गला गेली. तेथील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक क्यूने हे घागरा नेसलेल्या व्यक्तीस आपल्या व्याख्यानगृहात पाऊल ठेवू देण्यास राजी नव्हते. त्यांच्या साहाय्यकांनी दिलेली टिपणे वाचून तिने सहा सत्रे तो विषय घरी बसून तयार केला, आणि १८९६ साली तोंडी परीक्षेत तिने अशी उत्तरे दिली की स्वतः क्यूने यांनी तिला सन्मानपूर्वक उत्तीर्ण केले. मात्र सर्वोच्च श्रेणीचे रूढ शब्द स्त्रीसाठी वापरणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी त्या प्रसंगापुरता एक नवाच लॅटिन शब्दप्रयोग घडविला. विद्वानांचा दुराग्रह शरण येतानाही आपला शिरपेच सांभाळतो, तो असा. त्यानंतर हायडेलबर्ग विद्यापीठाच्याच वतीने तिला इटलीतील नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय स्थानकात काही काळ संशोधन करण्याची संधी देण्यात आली.

या स्थानकाची व्यवस्था समजावून घेतल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. आंटोन डोर्न या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ साली नेपल्सच्या समुद्रकाठच्या बागेत ते उभारण्यास आरंभ केला. तळमजल्यावर लोकांना पाहण्यासाठी जिवंत जलचरांचे मत्स्यालय ठेवावे, त्याच्या प्रवेशशुल्काने संस्थेला हातभार लावावा, आणि वरच्या प्रयोगशाळांतील मेजे निरनिराळ्या सरकारांना व विद्यापीठांना सालोसालच्या भाड्याने द्यावी, अशी ती योजना होती. मेज म्हणजे नुसती लाकडी फळी नव्हे: ज्याच्याकडे मेज त्याला जागा, रसायने, काचेची हौदकुंडी, ग्रंथालय, आणि सांगावे ते प्राणी ताजे समुद्रातून काढून आणून देणारे तेथील कोळी, इतके सर्व मिळे. भाडे वर्षाला पाचशे डॉलर. भाडे भरणाऱ्याने पाठविलेल्या संशोधकाला कोणतीही शिफारस, कोणाची मेहेरबानी लागत नसे. आणि डोर्न यांना संशोधक स्त्री आहे की पुरुष याचे सोयरसुतक नव्हते.

हाइडबाईंनी यातील मर्म हेरले. विद्यापीठाच्या दारात उभे राहून परवानगी मागायची की भाडे भरून हक्काने आत जायचे, असे दोन मार्ग असतील तर दुसऱ्यासाठी लागतात फक्त पाचशे डॉलर. मायदेशी परतल्यावर १८९७ साली त्यांनी एलन रिचर्ड्स, ब्रिन मॉर महाविद्यालयाच्या अध्यक्षा केरी थॉमस प्रभृतींच्या साह्याने एक मंडळ काढले. त्याचा उद्देश एकच, नेपल्सला अमेरिकन स्त्रियांच्या नावे एक मेज कायम राखणे. व्याजातून पाचशे डॉलर काढायचे तर शेकडा पाचाच्या दराने दहा हजारांचा मूळ निधी जमवावा लागला असता आणि त्यात कित्येक वर्षे गेली असती. मंडळाने तो नाद सोडून स्त्रियांच्या महाविद्यालयांना वर्षाला पन्नास डॉलरांची वर्गणी मागितली. दहा संस्था सामील झाल्या की मेजाचे भाडे निघे. त्यावर येईल ती शिल्लक. ब्रिन मॉर, वेलस्ली, व्हासर यांसारख्या महाविद्यालयांनी ही वर्गणी मान्य केली, आणि बॉस्टनच्या त्या मूळ संघटनेनेही आपला वाटा उचलला.

वार्षिक वर्गणीत एक धास्ती आहे: यंदा आली, पुढच्या वर्षी येईलच असे नाही. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या संस्थेस ही धास्ती नसते आणि म्हणूनच ती पुष्कळदा निद्रिस्त होते. येथे प्रत्येक महाविद्यालयास दरसाल पन्नास डॉलरांचा हिशेब आपल्या विश्वस्तांना द्यावा लागे, म्हणजेच मेजावर कोण बसले आणि तिने काय केले हे दरसाल सांगावे लागे. आणि ज्या महाविद्यालयाने वर्गणी भरली त्याला आपल्याकडून अर्ज करण्याजोगी विद्यार्थिनी तयार करण्याची ईर्षा वाटे. माझ्या मते, पैशापेक्षा या वार्षिक जाबसालाचा उपयोग अधिक झाला.

शिल्लक वाढू लागली तसे मंडळाने १९०१ मध्ये एक हजार डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले. स्वतंत्र प्रयोगांवर आधारलेला, नवे निष्कर्ष मांडणारा स्त्रीचा प्रबंध त्यासाठी अपेक्षित असे. पुढे त्याला एलन रिचर्ड्स यांचे नाव लाभले. १९०३ साली ते फ्लॉरेन्स सेबिन यांना लसिकावाहिन्यांच्या उगमावरील संशोधनासाठी मिळाले आणि १९०५ साली नेटी स्टीव्हन्स यांना. स्टीव्हन्स यांची कथा विलक्षण आहे. शिक्षिकेच्या आणि ग्रंथपालाच्या नोकरीत पैसा साठवून वयाच्या पस्तिशीत त्या स्टॅनफर्डला शिकावयास गेल्या, नंतर ब्रिन मॉरला आल्या, नेपल्सच्या स्थानकात काम करून परतल्या आणि १९०३ साली डॉक्टरेट मिळविली. मावा या किडीच्या जननपेशींवरील त्यांच्या निबंधाला हे पारितोषिक लाभले. आणि त्याच वर्षी पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या पेशी तपासताना त्यांना आढळले की मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे असतात, तर नराच्या पेशीत एकोणीस मोठी व एक अगदी लहान. अपत्य नर होणार की मादी हे या लहानग्या गुणसूत्रावर अवलंबून असते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. एडमंड विल्सनही स्वतंत्रपणे त्याच दिशेने येत होते, आणि पाठ्यपुस्तकांनी दीर्घकाळ श्रेय त्यांच्या पदरात अधिक टाकले. १९०८ साली स्टीव्हन्स यांना पदवीधर स्त्रियांच्या संघटनेची शिष्यवृत्ती मिळून त्या पुन्हा युरोपला गेल्या. १९१२ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जेमतेम नऊ-दहा वर्षांचे संशोधनजीवन, आणि त्यात दोनदा वर्गणीचा पैसा कामी आला.

पैशाला शर्त जोडावी की न जोडावी, याविषयी या स्त्रियांच्या मनात संभ्रम नव्हता. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यालय रेल्वेच्या समभागांचा भाव कोसळल्यामुळे निधीवाचून अडून पडले होते, तेव्हा केरी थॉमस, मेरी गॅरेट व त्यांच्या मैत्रिणींनी शहरोशहरी समित्या नेमून १८९० साली एक लाख डॉलर उभे केले, आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश द्याल तरच घ्या, असे विश्वस्तांना कळविले. विश्वस्तांनी शर्त कबूल केली, पण विद्यालय उघडण्यास पाच लाख लागतील असे सांगून कालहरण चालविले. अखेर गॅरेटबाईंनी स्वतःचे तीन लाखांहून अधिक घालून तूट भरून काढली व त्याबरोबर प्रवेशासाठी पदवीची आणि शास्त्रविषयांच्या पूर्वाभ्यासाची अट घातली. तेथील प्राध्यापक ऑस्लर विनोदाने म्हणत की आपण शिक्षक म्हणून आत आलो हे बरे, विद्यार्थी म्हणून आपल्याला प्रवेश मिळाला नसता. १८९३ मध्ये पहिल्या वर्गात तीन स्त्रिया होत्या. सेबिन याच विद्यालयात शिकल्या, १९१७ साली तेथील पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या आणि १९२५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय शास्त्र अकादमीत निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री. विद्यालयातून बाहेर पडल्यावर प्रयोगशाळेत राहता यावे म्हणून त्यांना जी शिष्यवृत्ती मिळाली तीही बॉल्टिमोरच्या स्त्रियांनी वर्गणी काढून दिलेली.

स्वयंसेविका पैसा जमवीत तरी कशा? चहापाने, नाट्यप्रयोगांची तिकिटे, पत्त्यांचे डाव, घरोघरची जुनी पुस्तके गोळा करून केलेली विक्री. यांपैकी पुस्तकविक्री तर आजतागायत तेथील शाखांचे हुकमी साधन आहे, कारण मालाला भांडवल लागत नाही आणि विकणारे हात फुकटचे असतात. मोठ्या रकमाही अशाच वाटेने येत. रेडियम शोधून काढणाऱ्या मारी क्यूरी यांच्याजवळ प्रयोगांस पुरेसे रेडियम नाही हे कळल्यावर मारी मेलोनी या संपादिकेने प्रथम दहा धनाढ्य स्त्रियांकडून दहा-दहा हजार मागण्याचा बेत केला. तो फसला, तेव्हा तिने देशभर आवाहन केले, आणि लहानलहान देणग्यांतून एक लाख डॉलर जमून एक ग्रॅम रेडियम विकत घेण्यात आले. २० मे १९२१ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी ते समारंभपूर्वक क्यूरींस अर्पण केले. आदल्या सायंकाळी क्यूरींनी दानपत्र वाचले आणि रेडियम आपल्या नावे नको, प्रयोगशाळेच्या नावे हवे, असा आग्रह धरून त्याच रात्री वकील बोलावून दस्तऐवज दुरुस्त करविला.

नेपल्सच्या मंडळाने मात्र १९३२ साली स्वतःचे विसर्जन केले. शास्त्रीय संशोधनात स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची संधी मिळू लागली असल्यामुळे पस्तीस वर्षांचे कार्य सफळ झाले, असा ठराव करून हिशेब मिटविण्यात आला. काम संपले म्हणून संस्था बंद करणारे लोक विरळा. त्या दृष्टीने ठराव आदरणीयच. परंतु तो खरा होता काय? अमेरिकेतील किती विद्यापीठांत स्त्रियांस त्या वर्षी शास्त्रविषयांची प्राध्यापकी मिळत होती हे ठराव लिहिणाऱ्यांस पुरते माहीत असले पाहिजे. आणि आपल्याकडे तर पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त अव्वल आलेल्या कमला भागवत यांना बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश देण्यास सी. व्ही. रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून नकार दिला. अखेर वर्षभर काम पाहून मग मान्यता देण्याच्या अटीवर त्यांना घेतले. १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या त्या मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर आणि सर मंगळदास नथुभाई या दोन शिष्यवृत्त्यांवर. म्हणजे दुसरीत तरी शेटजींचेच द्रव्य कामी आले. कमलाबाई सोहोनी या नावाने पुढे त्या ख्यातनाम जीवरसायनशास्त्रज्ञ झाल्या. रामन यांच्या दारात पन्नास डॉलरांच्या वर्गणीचे मेज कोठे मांडणार होते, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

हा परिपाठ पुढे निराळ्या निमित्ताने चालू राहिला. रशियाचा पहिला उपग्रह ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशात गेल्यावर अमेरिकेत शास्त्रज्ञांच्या तुटवड्याविषयी जी घालमेल सुरू झाली, तिच्या भरात १९५८ साली लॉस एंजेलिसच्या काही स्त्रियांनी कॅल्टेक या तंत्रविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी पैसे उभे करण्याचे मंडळ काढले. आर्क्स फाउंडेशन या नावाने त्याच्या शाखा आता अनेक शहरांत आहेत. भोजनसमारंभ, देणगीदारांच्या भेटी आणि सभासदांची वार्षिक वर्गणी हीच साधने, आणि ज्याला रक्कम मिळाली त्याने भोजनोत्तर उभे राहून आपण काय करतो हे शास्त्र न शिकलेल्या यजमानिणींना समजेल अशा भाषेत सांगायचे, ही तेथील रूढ पद्धत. येथे लाभार्थी स्त्री असलीच पाहिजे अशी अट नाही. परंतु शीतयुद्धाच्या धसक्यातून जन्मलेल्या या संस्थेची शिष्यवेतने मुळात अमेरिकेच्या नागरिकांसाठी राखलेली होती. पुण्यामुंबईहून तेथे गेलेल्या विद्यार्थ्याला ती मागता येत नसत. बॉस्टनच्या त्या मूळ संघटनेच्या वारसदार संस्थेकडे, म्हणजे अमेरिकन विद्यापीठीय स्त्रियांच्या संघाकडे, परदेशी नागरिकांसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. मात्र त्या फक्त स्त्रियांना.