काफ्कातला अनुशेष

स्ट्रीम प्रोसेसिंगचा जॉब संपण्यासाठी सुरू केलेला नसतो. पगारपत्रक काढणारा प्रोग्राम महिन्यातून एकदा चालतो, काम उरकतो आणि थांबतो. तो पुरा झाला की नाही, एवढे पाहिले की भागते. कार्डावरच्या व्यवहारांत लबाडी शोधणारा किंवा टॅक्सींची ठिकाणे नकाशावर हलती ठेवणारा प्रोग्राम मात्र अहोरात्र चालूच राहतो, कारण नोंदींचे येणे थांबत नाही. असा जॉब ‘चालू’ असूनही दोन तास मागे असू शकतो. म्हणून तो किती मागे आहे आणि हे अंतर वाढते आहे की घटते आहे, हे पाहावे लागते. अपाची काफ्का या प्रणालीत त्यासाठी कमांड लाइनवरचे एक छोटे साधन आहे.

काफ्का लिंक्डइन कंपनीत तयार झाली आणि २०११ साली मुक्तस्रोत म्हणून सर्वांना खुली झाली. जे क्रेप्स, जुन राओ आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे हे तिचे मूळ कर्ते. तिची रचना वहीसारखी आहे : नवी नोंद नेहमी शेवटीच जोडली जाते, मधे काही घालता येत नाही. एका विषयाच्या नोंदींच्या वहीला ‘टॉपिक’ म्हणतात आणि तिच्या भागांना ‘पार्टिशन’. प्रत्येक पार्टिशनमधल्या नोंदींना शून्यापासून चढते क्रमांक मिळतात. हा क्रमांक म्हणजे ‘ऑफसेट’. वाचली म्हणून नोंद पुसली जात नाही. ती ठरलेल्या मुदतीपर्यंत राहते. मूळ सेटिंगमध्ये ही मुदत १६८ तास, म्हणजे ७ दिवस असते.

वाचणाऱ्या प्रोग्रामला ‘कन्झ्युमर’ म्हणतात. अनेक कन्झ्युमर मिळून एक ‘ग्रुप’ करतात आणि पार्टिशन आपसांत वाटून घेतात. एका वेळी एक पार्टिशन ग्रुपमधल्या एकाच कन्झ्युमरकडे असते. आपण कुठवर वाचले, याची खूण ग्रुप काफ्काकडेच नोंदवून ठेवतो. वहीचा शेवट आणि ही खूण यांतले अंतर म्हणजे ‘लॅग’. मराठीत त्याला अनुशेष म्हणता येईल.

हा अनुशेष दाखवणाऱ्या साधनाचे नाव ‘काफ्का-कन्झ्युमर-ग्रुप्स’. ते काफ्काबरोबरच येते आणि तिच्या ‘बिन’ फोल्डरमध्ये सापडते. त्याला आधी ‘बूटस्ट्रॅप-सर्व्हर’ या पर्यायातून काफ्काच्या सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. पोर्ट बहुधा ९०९२ असते. त्यापुढे ‘लिस्ट’ लिहिले की सगळ्या ग्रुपांची नावे येतात. ‘डिस्क्राइब’ लिहून ‘ग्रुप’ या पर्यायात एक नाव दिले की त्या ग्रुपचा तक्ता पडद्यावर येतो. तक्त्यात दर पार्टिशनमागे एक ओळ असते : ग्रुपची खूण, वहीचा शेवट, लॅग आणि ते पार्टिशन वाचणाऱ्या कन्झ्युमरची ओळख.

समजा, एका टॉपिकची तीन पार्टिशन आहेत. शून्य क्रमांकाच्या पार्टिशनची खूण ४८,२१० वर आणि शेवट ४८,२१३ वर आहे; लॅग ३. एक क्रमांकाच्याची खूण ४७,९८८ वर, शेवट ४७,९९० वर, लॅग २. दोन क्रमांकाच्याची खूण मात्र ३१,०५० वर आणि शेवट ४८,१२० वर, लॅग १७,०७०. पहिली दोन ठीक आहेत, कारण चालू वाहिनीत दोनचार नोंदी वाटेत असायच्याच. दुखणे दोन क्रमांकाच्या पार्टिशनमध्ये आहे. पण ते कसले, हे एका तक्त्यावरून ठरत नाही. तीच कमांड मिनिटाभराने पुन्हा द्यावी लागते.

या मिनिटात शेवट ४८,७२० वर गेला आणि खूण ३१,०५० वरच राहिली, तर वाचन अडलेले आहे. बरेचदा एखादी सदोष नोंद प्रोग्रामला पचत नाही. तो पडतो, पुन्हा सुरू होतो, त्याच नोंदीशी येतो आणि पुन्हा पडतो. खूण सरकते आहे पण शेवटापेक्षा हळू, असे दिसले तर वाचणारा अपुरा पडतो आहे. एकाच मोठ्या ग्राहकाच्या नोंदी एकाच पार्टिशनमध्ये साचल्या की असे होते. तिथे कन्झ्युमर वाढवून उपयोग नसतो, कारण ते पार्टिशन दोघांत वाटता येत नाही. खूण शेवटापेक्षा वेगाने सरकत असेल तर थांबून पाहणे पुरते. मिनिटाला ६०० नोंदी येत असतील आणि १,५०० वाचल्या जात असतील, तर अनुशेष मिनिटाला ९०० ने घटतो. १७,०७० नोंदी सुमारे १९ मिनिटांत फिटतात.

उलट अनुशेष वाढतच राहिला, तर धोका मुदतीचा असतो. खूण इतकी मागे राहिली की तिच्यापुढच्या नोंदींची मुदत उलटली, तर त्या न वाचताच पुसल्या जातात.

याच साधनाने खूण हलवताही येते. सदोष नोंद ओलांडायची असेल तर ‘रीसेट-ऑफसेट्स’ या पर्यायाने खूण एक घर पुढे नेता येते. हिशेब चुकला असेल तर ती अगदी आरंभाला नेऊन सगळे पुन्हा वाचता येते. त्याआधी ग्रुपमधले सगळे कन्झ्युमर थांबवावे लागतात, एरवी साधन नकार देते. ‘ड्राय-रन’ जोडले तर नवी खूण कुठे पडेल एवढेच दिसते. प्रत्यक्ष बदल ‘एक्झिक्यूट’ लिहिल्यावरच होतो. पुढे ढकललेल्या खुणेमागच्या नोंदी तो ग्रुप आपणहून परत वाचत नाही, म्हणून आधी ड्राय-रन करण्याचा शिरस्ता आहे.

तक्त्यात कन्झ्युमरच्या जागी आडवी रेघ दिसली तर सहसा त्या ग्रुपमधले कोणीच जागे नाही असा अर्थ होतो. अपाची फ्लिंक या स्ट्रीम प्रोसेसिंगच्या प्रणालीवर चालणारे जॉब याला अपवाद आहेत. फ्लिंक पार्टिशनची वाटणी स्वतःच करते, काफ्काच्या ग्रुपवर सोपवत नाही. त्यामुळे जॉब धडधाकट चालू असतानाही तिथे रेघच दिसते. फ्लिंक खूण नोंदवते तीही ‘चेकपॉइंट’, म्हणजे जॉबच्या स्थितीची ठरावीक काळाने जपून ठेवलेली प्रत, पुरा झाल्यावर. चेकपॉइंट मिनिटाला एक असेल, तर लॅग मिनिटभर चढतो आणि एकदम उतरतो. शिवाय बिघाडानंतर फ्लिंक आपल्या चेकपॉइंटमधल्या क्रमांकापासून वाचू लागते, काफ्कातल्या खुणेपासून नव्हे. तेव्हा फ्लिंकचा जॉब तपासताना आधी तिच्याच ‘फ्लिंक लिस्ट’ या कमांडने तो चालू असल्याची खात्री करून घेतात, आणि काफ्कातला लॅग एका चेकपॉइंटपेक्षा अधिक अंतराने दोनदा मोजतात.